आहारनिवड, मांसल कोंबड्यांतील (कोकण)

समोर एकाहून अधिक खाद्ये असताना कोंबडीने शरीराच्या गरजेप्रमाणे त्यांतून कमीअधिक खाणे, यास आहारनिवड म्हणतात. व्यापारी ब्रॉयलरला (मांसासाठी पाळलेल्या कोंबडीला) एकजीव मिश्रखाद्य मिळत असल्याने तिथे निवडीला फारसा वाव नसतो. कोकणातील परसातली गावठी कोंबडी मात्र दिवसभर निवडूनच खाते: खळ्यावरचे भात, कणी, वाळवी, उकिरड्यातील किडे, कोवळा पाला.

ही निवड उपजत की शिकलेली, याविषयी मतभेद आहेत. पोषणाची जाण जन्मजात असते असे एक मत आहे. तथापि कोंबडीच्या जिभेवर रुचिकलिका थोड्याच असतात आणि गोड चव तर तिला जवळजवळ कळतच नाही. त्यामुळे पिल्लू खाद्याचा रंग व पोत लक्षात ठेवते आणि खाल्ल्यानंतर शरीराला काय जाणवले याच्याशी त्याची सांगड घालते, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कुटलू व फोर्ब्झ या संशोधकांच्या १९९३ च्या प्रयोगात उष्ण जागेतील ब्रॉयलर पिल्लांनी क-जीवनसत्त्व मिसळलेले खाद्य रंगावरून ओळखून निवडले. किनारपट्टीच्या दमट उकाड्यात पक्ष्यांचे खाणे घटते, म्हणून हे निरीक्षण इथे विशेष मोलाचे.

ब्रॉयलरच्या खाद्यात सुरुवातीस सुमारे २२-२३ टक्के, तर शेवटच्या टप्प्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. तांदळाच्या कणीत ती जेमतेम ७-८ टक्के असतात, त्यातही लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल (प्रथिनांचा घटक) कमी. कोंड्यात प्रथिने १२-१४ टक्के असली, तरी सगळा कोंडा सारखा नसतो. साध्या भातगिरणीतून येणाऱ्या कोंड्यात तूस मिसळलेले असते. त्यातील तंतू व सिलिका पिल्लाला पचत नाहीत. चिमूटभर कोंडा पाण्यात टाकला की तूस वर तरंगते, त्यावरून भेसळीचा अंदाज येतो. शिवाय साध्या तांदळाच्या कोंड्यातील तेल लायपेज या विकरामुळे काही दिवसांतच खवट होऊ लागते. उकड्या तांदळाच्या कोंड्यात भात उकडतानाच हे विकर निकामी झालेले असते, त्यामुळे तो तुलनेने टिकतो. दक्षिण कोकणात उकड्याचा वापर मोठा असूनही कोंबडीखाद्याच्या चर्चेत हा फरक दुर्लक्षित राहतो, ही खेदाची गोष्ट आहे. कोंड्यातील बराचसा फॉस्फरस मात्र फायटेट या सहज न पचणाऱ्या संयुगाच्या रूपात असल्याने दोन्ही प्रकारांत तो पक्ष्याला नीट मिळत नाही. पावसाळ्यात साठवण दमट झाल्यास बुरशी धरते. असे खाद्य टाकूनच द्यावे.

सुकट व मासळीचा चुरा लायसिन आणि मिथिओनिन या अमिनो आम्लांची उणीव भरून काढतात. खारवलेली मासळी मात्र टाळावी: जास्तीच्या मिठाने तहान वाढते, विष्ठा पातळ होऊन पक्ष्यांखाली अंथरलेली तुसाची गादी ओली होते आणि लहान पिल्ले दगावतातही.

शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवल्यास अंड्यावरची कोंबडी तो विशेषतः दुपारनंतर खाते, कारण अंड्याचे कवच मुख्यतः रात्री घडते. मांसल पिल्लांना खाद्यात सुमारे १ टक्का कॅल्शियम पुरते. त्यांच्या मिश्रखाद्यात हा चुरा वरून घालू नये.