बेभरवशाचा मित्र: पार्श्वभूमी

‘रोम: टोटल वॉर’ हा संगणकावरचा युद्धखेळ (२००४) खेळलेल्यांना हा प्रसंग पाठ असेल. वर्षानुवर्षं मित्र म्हणून नांदलेल्या, संगणकानं चालवलेल्या राज्याचं एखादं किरकोळ जहाज तुमच्या बंदराच्या तोंडाशी येऊन उभं राहतं, नाकेबंदी होते आणि तह संपतो. यातून त्याला काय मिळणार होतं, देव जाणे.

दग्याला खेळाचा गाभा बनवलं ते पटावरच्या ‘डिप्लोमसी’नं, १९५९ मध्ये. सात सत्ता, फासे नाहीत. बोलणी झाली की प्रत्येकानं हुकूम गुपचूप लिहायचे आणि सगळे एकदम उघडायचे. तिथं समोर माणूस असतो, त्यामुळे दग्यालाही हिशेब असतो. संगणकावर तो हिशेब बराच काळ कच्चा राहिला. ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्ये (१९९७) तुम्ही मित्र ठरवलेला खेळाडू तुम्हाला खुशाल शत्रू ठरवू शकतो. पहिल्या खेळाच्या पुढच्या भागात, ‘रोम २’मध्ये (२०१३), प्रत्येक राज्याची विश्वासार्हता दिसते, मोडलेला करार तुमच्याही नावावर चढतो. माझ्या मते खरी सुधारणा हीच, कारण आता दगा देणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते.

प्रत्यक्ष प्राचीन काळात मित्र सरसकट विश्वासू नव्हतेच. उत्तर आफ्रिकेतल्या न्यूमिडियाचा राजपुत्र मसिनिसा स्पेनमध्ये रोमच्या शत्रूच्या, म्हणजे कार्थेजच्या बाजूनं लढला, इ.स.पू. २०६ च्या सुमारास रोमला मिळाला. त्याचा शेजारी राजा सिफॅक्स नेमका उलट, रोमकडून कार्थेजकडे गेला. इ.स.पू. २०२ मध्ये झामाच्या रणात कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या पिछाडीवर आदळलेल्या घोडदळात मसिनिसाचे स्वार होते. फितुराला दारात उभंच करायचं नाही म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

शिक्षेची उदाहरणंही आहेत. कॅनीच्या लढाईत रोम हरल्यावर त्याचं इटलीतलं मित्रशहर कापुआ हॅनिबलकडे गेलं, इ.स.पू. २११ मध्ये रोमनं ते परत घेतलं, पुढाऱ्यांना ठार केलं आणि शहराचा स्वतंत्र कारभार संपवला. पण मला जास्त शिकवणारी गोष्ट त्यानंतरची आहे. इ.स.पू. २०९ मध्ये रोमशी बांधलेल्या तीसपैकी बारा लॅटिन वसाहतींनी रोमच्या सैन्याला माणसं आणि पैसा द्यायला नकार दिला. हॅनिबल अजून इटलीत होता. सिनेटनं, म्हणजे रोमच्या राज्यसभेनं, या वसाहतींच्या दूतांना हाकललं नाही, अडकवलं नाही, उत्तरही दिलं नाही. पाच वर्षांनी, पारडं फिरल्यावर, त्याच बारा वसाहतींना हुकूम गेला: युद्धकाळात दिलेल्या सर्वांत मोठ्या तुकडीच्या दुप्पट पायदळ आणि प्रत्येकी १२० घोडेस्वार.