अनारसा

तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचे ओलसर पीठ आणि गूळ किंवा साखर यांचे मिश्रण मुरवून, खसखशीवर थापून तुपात तळलेले महाराष्ट्रातील सणाचे पक्वान्न. दिवाळीचा फराळ, लक्ष्मीपूजनाचा नैवेद्य आणि अधिक महिन्यातील जावयाचे वाण ही त्याची मानाची ठिकाणे. चकली मोडली तरी चवीला चकलीच राहते; अनारसा बिघडला तर कढईत अनारसाच उरत नाही. त्यामुळे फराळातला हा पदार्थ बहुतेक घरांत एखाद्याच अनुभवी हाताकडे सोपवलेला असतो.

तांदूळ जुना लागतो, नवा चिकट होतो. तो तीन दिवस भिजत ठेवून रोज पाणी बदलतात. रोजचे पाणी बदलूनही तिसऱ्या दिवशी त्याला हलका आंबूस वास येतो, आणि तो यायलाच हवा. चौथ्या दिवशी तांदूळ उपसून सुती कापडावर सावलीत पसरतात. तो पूर्ण वाळू द्यायचा नसतो: मुठीत धरला की गार, दमट लागावा, पण तळव्याला पाणी लागू नये. या अवस्थेत कुटून किंवा मिक्सरवर दळून पीठ बारीक चाळणीने चाळतात. त्यात किसलेला गूळ किंवा पिठीसाखर आणि थोडे तूप घालून, दाबून गोळे करतात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात. मिसळताना पीठ भुरभुरीत वाटले तरी पाणी घालायचे नसते. गूळ पिठातली ओल ओढून घेतो आणि चार-पाच दिवसांत गोळा आपोआप मऊ होतो. असे मुरलेले पीठ नीट ठेवले तर पुढे कित्येक दिवस टिकते, म्हणून दिवाळीचे पीठ आधीच करून ठेवता येते.

तळण्याच्या वेळी पिठात थोडे पिकलेले केळे किंवा दुधाचा हात लावून ते मळतात. लहान गोळी खसखशीवर बोटांनी थापतात आणि खसखशीची बाजू वर ठेवून पसरट कढईत, बेताच्या तुपात, मंद आचेवर सोडतात. अनारसा उलटत नाहीत. वरच्या बाजूवर झाऱ्याने किंवा चमच्याने तूप उडवत राहतात. तळ लवकर घट्ट होतो, आतल्या ओलीची वाफ वरच्या अंगाने वाट काढते आणि तिथे जाळी पडते. बदामी रंगावर काढून चाळणीत उभे करून ठेवले की जास्तीचे तूप निथळते. गरम असताना तो मऊ असतो, गार झाल्यावर खुसखुशीत होतो. गुळाचा अनारसा गडद आणि खमंग, साखरेचा फिकट आणि जास्त कुरकुरीत. दोन्हींचे पक्षपाती घरोघर सापडतात.

या पदार्थाची खरी परिभाषा एका क्रियापदात आहे: अनारसा ‘हसतो’. तुपात पडल्याबरोबर तो फुटून पसरला, विरघळला, की तो हसला म्हणायचे. तो हसतो आणि करणारी रडकुंडीला येते. कारण बहुधा गूळ जास्त झालेला असतो. वितळलेल्या गुळाला धरून ठेवायला पिठाचे बळ पुरत नाही. मग गोळ्यात तांदळाचे कोरडे पीठ मिसळतात. उलट, अनारसा कडक झाला आणि जाळी पडली नाही, तर गोड कमी पडले असे समजून थोडा गूळ वा साखर वाढवतात. आधी एकच अनारसा तळून बघायचा, हा नियम त्यातूनच आला.

लिहिलेल्या कृतीत पिठाइतकाच गूळ, किंवा त्याहून थोडा कमी, असे प्रमाण असते. पण तांदूळ किती जुना, तो किती वाळला, गूळ मऊ की कडक, यावर ते दर वेळी हलते. म्हणून सासूकडून सुनेकडे किंवा आईकडून लेकीकडे जाते ती वाटीची मापे नव्हे, मुठीतल्या ओलीची ओळख. ‘अंदाजाने’ हा शब्द इथे टाळाटाळ नसून नेमकी सूचना आहे.

चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे, सौर वर्ष सुमारे 365 दिवसांचे. हा फरक भरून काढायला साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास येतो. या महिन्यात लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण मानून जावयाला 33 अनारशांचे वाण दिव्यासह देतात. वाणाची वस्तू जाळीदार हवी, या संकेतामुळे अनारसे नसतील तिथे बत्तासे किंवा म्हैसूरपाक चालतो. 33 चा संबंध कोणी तेहतीस कोटी देवांशी लावतात, कोणी तीन वर्षांत साठणाऱ्या दिवसांशी. महिना कोणत्या ऋतूत पडतो त्यावर करणारीची कसोटी ठरते. 2023 साली अधिक श्रावण होता, म्हणजे ऐन पावसात तांदूळ वाळवायचा. 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे रोजी सुरू होणारा. त्या उन्हाळ्यात तोच तांदूळ बघता बघता कोरडा पडू शकतो.

अनारशाचे भाऊबंद देशभर आहेत. बिहारमध्ये गयेचा अनरसा प्रसिद्ध असून त्यात खव्याचे सारणही भरतात. गढवालमध्ये लग्नकार्यात अरसा लागतो, ओडिशात आरिसा पिठा होतो. या दोन्हींत, तसेच तमिळ अदिरसम, तेलुगू अरिसेलू आणि कन्नड कज्जाय यांत ओलसर पीठ गुळाच्या गरम पाकात घालतात. मराठी पद्धतीत मात्र पाक नाही. ते काम डब्यातले दिवस करतात.

दिवाळीच्या सुमारास दुकानांत तयार पीठ मिळते. शहरांत आता पुष्कळ घरे त्यावरच अनारसे करतात. ते पीठही हसू शकते, फक्त दोष कुणाला द्यायचा ते सोपे होते. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. तिथे अनारसा रव्यावर किंवा तिळावर थापावा लागतो.