गूढकथा म्हणजे शेवट न सांगितलेली रहस्यकथा नव्हे

पावसाळा सुरू झाला की आमच्या ठाण्यातल्या हौशी लिहिणाऱ्यांच्या दिवाळी अंकासाठीच्या कथा एकमेकांच्या फोनवर फिरायला लागतात, "जरा वाचून सांग ना, गूढकथा आहे" असं म्हणून. उघडून बघावं तर निम्म्या वेळा आत रहस्यकथाच असते, आणि तीही शेवटचं पान फाडलेली. का रे बाबा? तर म्हणे गूढ ठेवलंय. थोडा दोष अंकवाल्यांचाही आहे, कव्हरवर रहस्य, गूढ, भय, विज्ञान सगळं एका ओळीत छापायचं म्हटल्यावर लोकांना ते एकच वाटणार. पण लिहिणाऱ्याने तरी फरक ओळखावा की नाही!

रहस्यकथा तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे पटकन उरकतो. कुणीतरी काहीतरी केलंय, ते लपलंय, कुणीतरी शोधतंय, शेवटी उत्तर मिळतं आणि ते एकच असतं. बाबूराव अर्नाळकरांनी अशा हजारावर लिहिल्या, आपल्या आजोबांची पिढी त्यांच्यावरच वाढली. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज लेखकाने डिटेक्टिव्ह कथेचे दहा नियम काढले होते, त्यात भूतखेत बाद, गुप्त खोली एकापेक्षा जास्त नको, जुळे भाऊ आधी कल्पना दिल्याशिवाय आणायचे नाहीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकालाही दाखवायचा. गंमत म्हणजे हे गृहस्थ स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, म्हणजे अलौकिकावर श्रद्धा असलेला माणूस, पण रहस्यकथेत त्याला नो एंट्री.

बाकी पोलीस असले की रहस्य आणि वाडा असला की गूढ, खून असला की हे आणि लाइट गेले की ते, असले फरक मला कुणी सांगू नका. गूढकथेत पोलीस चालतात, खूनही चालतो. भयकथा हा आणखी तिसरा प्रकार, तिथे भूत आहे हे पक्कं असतं आणि माणूस त्याच्या तावडीतून जिवंत सुटतो का एवढाच प्रश्न असतो, त्यात आज शिरत नाही.

आता मुद्द्याचं. रहस्यकथेत लेखक उत्तर झाकून ठेवतो. गूढकथेत लेखक काहीच झाकत नाही. सगळी माहिती उघड्यावर असते, जे घडलं ते वाचकाने पूर्ण पाहिलेलं असतं, आणि तरी त्याचे दोन अर्थ लागतात, एक आपल्या रोजच्या जगातला आणि एक पलीकडचा, आणि दोन्ही शेवटपर्यंत उभे राहतात. १९७० मध्ये त्स्वेतान तोदोरोव नावाच्या अभ्यासकाने फ्रेंचमध्ये हेच मांडलं, की आपल्या जगात न बसणारी घटना घडली तर एक तर आपल्याला भास झाला असेल किंवा जगाचे काही नियम आपल्याला ठाऊक नसतील, आणि वाचक जोवर या दोघांत लटकलेला आहे तोवरच कथेची ही जात टिकते, एकदा त्याने निकाल लावला की कथा शेजारच्या प्रकारात गेली. तो काही आपल्या गूढकथेबद्दल बोलत नव्हता, पण तिला हे चपखल बसतं. त्याचं एक उदाहरण हेन्री जेम्स या लेखकाची १८९८ मधली लघुकादंबरी 'द टर्न ऑफ द स्क्रू'. मुलांना सांभाळायला आलेल्या गव्हर्नेसला मेलेले दोन नोकर दिसतात. १९३४ मध्ये एडमंड विल्सन या समीक्षकाने लिहिलं की भुतं तिच्या डोक्यातली आहेत, तेव्हापासून भांडण चालूच आहे, कारण दोन्ही बाजूंना मजकुरातच पुरावे सापडतात.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ, मनानेच रचलेलं. माजिवड्याच्या एका टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर एक बाई रात्री एकटी असते, नवरा नाइट शिफ्टला. रोज साडेअकराला इंटरकॉम वाजतो आणि खालून वॉचमन म्हणतो, "मॅडम, बाबा आलेत, वर पाठवू?" बाबा म्हणजे सासरे. ते चार महिन्यांपूर्वी वारले.

याची रहस्यकथा अशी होईल. दिराला फ्लॅट हवाय, वॉचमनला त्याने पैसे चारलेत, आणि धागा हा की दीर गावी गेला त्या आठवड्यात इंटरकॉम एकदाही वाजला नाही. हा धागा दुसऱ्या तिसऱ्या पानावर येऊन गेला पाहिजे, की झाली कथा, मस्त.

गूढकथा करायची तर पहिल्याच पानावर सांगून टाका की सासरे गेलेत. हेही सांगा की त्या शेवटच्या रात्री ते खाली आले होते आणि हिने वैतागून वॉचमनला म्हटलं होतं, "घरी कुणी नाही सांगा." ते लॉबीत थोडं बसले आणि निघून गेले. आता पुढचा एकेक तपशील दोन्हीकडे लागला पाहिजे. नवा वॉचमन सांगतो की बाबांच्या गळ्यात तपकिरी मफलर आहे, आणि त्याने तर त्यांना कधी पाहिलेलंच नाही! पण मफलरवाला फोटो सोसायटीच्या नोटीस बोर्डवर शोकसभेच्या कागदासोबत हिनेच लावलेला आणि तो अजून तिथेच आहे. व्हिजिटर रजिस्टरमध्ये थरथरत्या हाताची सही सापडते, पण हीसुद्धा हल्ली झोपेच्या गोळ्या घेते आणि हिचाही हात थरथरतो. शेवटी ती म्हणते, "पाठवा." लिफ्ट वर यायला लागते. बास. बाविसाव्यावर राहणारं दुसरं कुणीही असेल त्या लिफ्टमध्ये.

आणि आमच्याकडे फिरणारी कथा कशी असते? हेच सगळं, फक्त सासरे गेल्याचं शेवटच्या ओळीपर्यंत दाबून ठेवलेलं, आणि मग "तिला अचानक आठवलं, बाबा तर चार महिन्यांपूर्वीच..." आणि तीन टिंबं. अरे तिला पहिल्या ओळीपासून माहीत होतं ना! पात्राला ठाऊक आहे, आपण त्याच्या डोक्यात बसून वाचतोय, आणि तेवढीच एक गोष्ट आपल्याला सांगितली जात नाही, याला मी तरी फसवणूकच म्हणतो. निवेदक स्वतःच मेलेला निघतो त्या कथाही याच खात्यात, आणि त्या दरवर्षी येतात.

ओपन एंडिंगचं तसंच. "वाचकावर सोडलंय" म्हणणाऱ्याला मी विचारतो, कोणत्या दोन गोष्टींमधून निवडायचंय वाचकाने? बहुतेकांना एकही सांगता येत नाही. कागदाच्या मधोमध रेघ मारा, एका बाजूला भास आणि दुसऱ्या बाजूला खरं, आणि कथेतला प्रत्येक प्रसंग दोन्हीकडे लिहून बघा, एकाच बाजूला बसणारा प्रसंग निघाला तर तो दुरुस्त करा नाही तर कापा. माझं आणखी एक ठाम मत म्हणजे काटा जरासा भुताकडे झुकलेला असावा, कारण वाचक घरातून निघतानाच 'भास असणार' असं ठरवून आलेला असतो, समसमान ठेवलंत तर तो तिकडेच जाऊन बसतो. आणि हे सगळं सात-आठ पानांत करा. जेम्सला लांब पल्ला पेलला, आपण इतका वेळ वाचकाला लटकवून ठेवायला गेलो तर तो कंटाळून मोबाइल बघायला लागेल.

आमच्या ठाण्याच्या कथांतला येऊरच्या जंगलातला बंगला आणि घोडबंदर रोडवरची पांढऱ्या साडीतली बाई मात्र आता पुरे. त्या रस्त्यावर मध्यरात्रीसुद्धा ट्रेलरची रांग असते, बाई उभी राहणार कुठे.

आणि रेघ मारल्यावर तुमच्या कथेला एकच उत्तर निघालं तर वाईट वाटून घेऊ नका, उत्तर लिहा, धागा आधीच्या पानावर नीट पेरा आणि वरचं 'गूढकथा' खोडून 'रहस्यकथा' करा. धागे चोख पेरलेली रहस्यकथा तशीही हल्ली फार कमी वाचायला मिळते.