‘ही वॉज लाफ्ड ॲट’मधला ‘ॲट’ का सुटत नाही?

‘सगळे त्याला हसले’ याचं इंग्रजीत पॅसिव्ह करा, असं मराठी माध्यमातल्या मुलांना सांगितलं की पुष्कळदा उत्तर येतं, ‘ही वॉज लाफ्ड बाय एव्हरीवन’. बरोबर वाक्य आहे ‘ही वॉज लाफ्ड ॲट बाय एव्हरीवन’. ‘ॲट’ आणि ‘बाय’ एकमेकांना खेटून उभे असलेले कानाला खटकतात, म्हणून मुलं त्यातला एक गाळतात. वहीत लाल रेघ पडते आणि वर्ग पुढे सरकतो. ‘ॲट’ का हवा, ते मात्र राहूनच जातं. खरं तर ही चूक मुलांच्या मराठीच्या उत्तम जाणिवेतून येते.

मराठीत ‘ला’, ‘वर’, ‘कडे’, ‘शी’ हे नामाला चिकटून असतात. ‘त्याला हसलं गेलं’, ‘तिला हसलं गेलं’, ‘मुलांना हसलं गेलं’ ही तीन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. माणसं बदलली, लिंग-वचन बदललं, तरी ‘हसलं गेलं’ जागचं हललं नाही. ‘त्याला’मधला ‘ला’ शेवटपर्यंत नामालाच धरून राहतो, त्यामुळे नाम कर्त्याच्या जागी येऊच शकत नाही. शाळेत आपण याला भावे प्रयोग म्हणतो. एरवी बोलताना तर आपण सरळ ‘त्याला सगळे हसले’ म्हणतो आणि विषय संपवतो.

इंग्रजीत गोष्ट उलटी आहे. ‘पीपल लाफ्ड ॲट रवी’ या वाक्यात ‘ॲट’ सुटा शब्द आहे, क्रियापद आणि रवी यांच्या मधोमध. रवी उठून वाक्याच्या सुरुवातीला गेला, तर ‘ॲट’ त्याच्यामागे जात नाही. तो क्रियापदाकडेच राहतो, आणि ‘लाफ ॲट’ हे ‘टर उडवणे’ या अर्थाचं एकच क्रियापद होऊन बसतं. मग ‘हिम’ जाऊन ‘ही’ येतो. रवी आता पुरता कर्त्याच्या खुर्चीत आहे. ‘ॲट’ गाळला, तर क्रियापदाचा अर्धा भागच गळतो.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते, आणि त्या काळात अशी पॅसिव्ह वाक्यं आढळत नाहीत. ती दिसू लागतात साधारण तेराव्या शतकापासून. तोवर बरेचसे प्रत्यय झिजले होते, शब्दांचा क्रम पक्का होत चालला होता आणि क्रियापदाच्या आधी येईल तो कर्ता, असं ऐकणाऱ्याचं मन धरू लागलं होतं. पण निव्वळ प्रत्ययांच्या झिजेवर सगळं ढकलता येत नाही. डचमध्येही ते झिजले, तरी डच माणूस असं वाक्य करत नाही. जर्मन आणि फ्रेंचही करत नाहीत. नॉर्वेजियन आणि स्वीडिशमध्ये ते चालतं. जगातल्या भाषांचा विचार केला तर ही सोय विरळाच म्हणायची, आणि म्हणूनच ती शिकताना अडखळणाऱ्याने स्वतःला कमी लेखू नये. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मधल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय, की क्रियापदामागे छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची रीत परक्यांना सगळ्यात अवघड जाते. त्या जोडीला ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव रूढ झालं विसाव्या शतकात.

आता एक जोडी नीट पाहू. ‘ही रॅन अप अ बिल’ म्हणजे त्याने उधारी वाढवून ठेवली. ‘ही रॅन अप अ हिल’ म्हणजे तो टेकडीवर धावत चढला. एका अक्षराचा फरक, बाकी रचना वरवर तीच. पण ‘अ ह्यूज बिल वॉज रन अप’ हे रोजच्या बोलण्यातलं वाक्य आहे आणि ‘द हिल वॉज रन अप’ ऐकून इंग्रज भुवया उंचावेल. पहिल्यात ‘अप’ क्रियापदाचा आहे, म्हणून ‘रॅन इट अप’ असं मधे ‘इट’ घालता येतं. दुसऱ्यात ‘अप’ टेकडीची दिशा सांगतो, तिथे ‘रॅन अप इट’ असंच म्हणावं लागतं. छोटा शब्द कुणाचा, हे कळलं की पॅसिव्हचं निम्मं काम झालं.

निम्मंच, कारण अर्थही आडवा येतो. ‘धिस बेड हॅज बीन स्लेप्ट इन’ हे अगदी चांगलं इंग्रजी आहे. चादर चुरगळली आहे, उशीला खळगा पडला आहे, कुणीतरी इथे झोपून गेलंय. पण ‘पुणे वॉज स्लेप्ट इन बाय मी’ चालत नाही. माझ्या झोपण्याने पुण्याचं काहीच बदलत नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजर यांनी १९७०च्या दशकात हेच मांडलं होतं, की पॅसिव्हमध्ये पुढे आणलेल्या वस्तूवर क्रियेचा खरोखर परिणाम व्हायला हवा. मला हे स्पष्टीकरण फार पटतं, कारण व्याकरणाच्या सूत्रांनी न सुटणाऱ्या कितीतरी जोड्या त्याने सुटतात. ‘द चाइल्ड वॉज लुक्ड आफ्टर’ चालतं, कारण मुलाची कुणीतरी काळजी घेतली. ‘टेक आफ्टर’ म्हणजे एखाद्यावर जाणे. मुलगी आईवर गेली, तर त्यात आईचं काही होत नाही, म्हणून ‘द मदर वॉज टेकन आफ्टर’ असं कुणी म्हणत नाही.

रोजच्या वापरात ही वाक्यं येतात, ती करणारा कोण हे सांगायचं नसतं किंवा त्याने फरक पडत नसतो तेव्हा. ‘द मॅच वॉज कॉल्ड ऑफ’, म्हणजे सामना रद्द झाला. कुणी केला, ते पावसाने भिजलेल्या प्रेक्षकाला नकोच असतं. ‘द फायर वॉज पुट आउट’, आग विझली. ‘वी वेअर हेल्ड अप’, आम्ही वाटेत अडकलो. ‘टू हंड्रेड वर्कर्स वेअर लेड ऑफ’ या वाक्याकडे मात्र जरा थांबून पाहायला हवं. दोनशे जणांची नोकरी गेली आणि ती काढून घेणारा वाक्यात कुठेच नाही. इथे पॅसिव्ह निवडणं ही भाषेइतकीच जबाबदारीचीही बाब आहे. बोलताना इंग्रज ‘वॉज’ऐवजी ‘गॉट’ही वापरतात. ‘आय गॉट टोल्ड ऑफ’, मला बोलणी बसली. ‘वी गॉट रिप्ड ऑफ’, आम्हाला लुबाडलं. पुष्कळदा यात सोसल्याची छटा असते.

काही ठिकाणी संदर्भाशिवाय अर्थ लागतच नाही. ‘ही वॉज टेकन इन’ म्हणजे त्याला आसरा मिळाला, किंवा तो फसला. पुढे ‘बाय हिज अंकल’ आलं तरी कोडं कायम राहतं. आधीची दोन वाक्यं वाचल्यावरच काका कसे होते ते कळतं.

वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय ठेवू नये, हा जुना दंडकही इथे टिकत नाही. कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या लिखाणातल्या अशा शेवटांवर बोट ठेवलं होतं आणि पुढे शाळांनी त्याचा नियम केला. पण ‘ही वॉज लाफ्ड ॲट’मधला ‘ॲट’ हलवून ठेवणार कुठे? त्याला दुसरी जागाच नाही. उच्चारही तेच सांगतो. ‘ॲट होम’ म्हणताना इंग्रज ‘ॲट’ अर्धवट गिळतो, जेमतेम ‘अट’ ऐकू येतं. ‘ही वॉज लाफ्ड ॲट’मध्ये तो पूर्ण ‘ॲ’ उच्चारतो. बातम्या किंवा मालिका ऐकताना वाक्याच्या टोकाला असा भरलेला ‘ॲट’, ‘ऑफ’, ‘आफ्टर’ कानावर आला, तर तो मागच्या क्रियापदाला जोडून ऐका आणि मगच अर्थ लावा.