शिकारपट्टा आणि वाटाड्यासह शिकार (टेक्सास)

शिकारपट्टा : हरणांच्या शिकारीसाठी दुसऱ्याच्या खासगी जमिनीत जाण्याचा हक्क मोबदला देऊन ठरावीक मुदतीपुरता मिळवण्याचा करार. त्याला पर्याय म्हणजे वाटाड्यासह शिकार. तीत शिकारी दोन-तीन दिवसांचे पैसे एकरकमी भरतो. जमीन, मचाण, वाटाड्या, मुक्काम, जेवण सगळे शिकार घडवून आणणाऱ्याचे. आपल्याकडच्या शेतीच्या भाषेत सांगायचे तर पहिला प्रकार खंडाने जमीन करण्यासारखा आणि दुसरा उक्त्या कामासारखा. अमेरिकेत दोन्ही सर्वदूर चालतात, पण पट्ट्याचे माहेरघर टेक्सास.

याचे कारण जमिनीच्या इतिहासात आहे. 1845 मध्ये टेक्सास अमेरिकेत सामील झाले तेव्हा आपली मोकळी सरकारी जमीन त्याने केंद्राला दिली नाही, स्वतःकडे ठेवली. पुढे कर्ज, रेल्वे, शाळा यांपायी ती बहुतेक विकली वा वाटली गेली. ऑस्टिनमधील विधिमंडळाची इमारत बांधण्याच्या बदल्यात तर 30 लाख एकर देण्यात आली. आज राज्यातील सुमारे 95 टक्के जमीन खासगी आहे. कोलोरॅडो किंवा मोंटानातला शिकारी परवाना काढून सरकारी वनात जाऊ शकतो; टेक्सासात जिथे जावे तिथे कुणाचे तरी तारेचे कुंपण आडवे येते.

मात्र कुंपणाआतले रानटी हरीण कुंपणवाल्याचे नसते. अमेरिकी कायद्यात वन्य प्राणी जनतेचे आणि राज्य त्यांचे विश्वस्त. हंगाम कधी, कोणत्या परगण्यात किती नर आणि किती माद्या, हे टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ डिपार्टमेंट ठरवते. जमीनमालक विकतो ते फक्त फाटक. म्हणून पट्टा घेतला तरी शिकाऱ्याला आपला परवाना वेगळा काढावा लागतो, आणि पैसे घेऊन शिकार करू देणाऱ्या मालकालाही पट्ट्याचा परवाना लागतो.

शिकार मुख्यतः पांढऱ्या शेपटीच्या हरणाची. विसाव्या शतकाच्या आरंभी देशभरात या हरणांची संख्या काही लाखांवर आली होती. बाजारासाठी होणाऱ्या शिकारीला आळा बसला, हंगाम ठरले, आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरील कर वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. तेव्हा ती सावरली. आज एकट्या टेक्सासात ती 50 लाखांच्या आसपास आहेत. बहुतेक भागांत बंदुकीचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो आणि जानेवारीत संपतो.

पट्ट्याचा दर एकरी किंवा ‘बंदुकीमागे’, म्हणजे माणशी, ठरतो. मुदत वर्षाची, हंगामाची, क्वचित एका दिवसाचीही असते. सहसा पाच-सात जण मिळून एखादे रँच, म्हणजे गुरांचे मोठे कुरण, घेतात. त्याच रानात मालकाची गुरे चरत असतात, त्यामुळे फाटक जसे सापडले तसे ठेवायचे, उघडे तर उघडे, बंद तर बंद, हा पहिला धडा. मचाण, ठरल्या वेळी मका उडवणारे फीडर, झाडाला बांधलेले कॅमेरे हे सारे पट्टेदाराच्या खर्चाने. हरणांना मका घालून शिकार करणे टेक्सासात कायदेशीर आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांत नाही. करारात विमा, गाडी कुठवर न्यायची, हंगामाबाहेर मुक्काम चालेल का, कोणत्या वयाचा नर मारायचा, हे लिहिलेले असावे. पण सर्वांत आधी वाचावे ते पाहुण्यांचे कलम. सहा जणांनी घेतलेल्या रानात मेहुणे-भाचे धरून बारा बंदुका शिरल्या, तर हरणांआधी मैत्री संपते. शिवाय पुढच्या वर्षी कुणी जास्त पैसे मोजले की मचाण उचलून निघावे लागते. जर्मनीत असे सहजी होत नाही : तिथल्या संघीय कायद्यानुसार शिकारीचा पट्टा किमान नऊ वर्षांचा असावा, आणि रानडुकरांनी केलेल्या पिकांच्या नासाडीची भरपाई सहसा पट्टेदारच देतो.

वाटाड्यासह शिकारीत विकत मिळते ते दुसऱ्याचे वर्षभराचे निरीक्षण. कोणता नर कोणत्या पाणवठ्यावर येतो आणि तो साडेतीन वर्षांचा की साडेपाच, हे वाटाड्या दुर्बिणीतून सांगतो. किंमत बहुधा शिंगांच्या मापावर चढते. हे माप बून अँड क्रॉकेट क्लबच्या पद्धतीने काढतात. 1887 मध्ये स्थापन झालेल्या या क्लबच्या संस्थापकांत थिओडोर रूझवेल्ट होते. जखमी होऊन निसटलेले हरीण मारल्यातच धरण्याची अट सर्रास असते. पैसे भरण्याआधी विचारायचा खरा प्रश्न कुंपणाच्या उंचीचा आहे. आठ फुटी जाळीच्या आत पैदास केलेला नर आणि मोकळ्या रानातला नर यांची शिंगे फोटोत सारखी दिसतात. शिकार सारखी नसते. बून अँड क्रॉकेटही आपल्या नोंदवहीत बंदिस्त कुंपणातली हरणे घेत नाही.

निवड करताना नुसते दर ताडून पाहणे फसवे ठरते. समजा 900 एकर रान एकरी 12 डॉलरने सहा जणांनी घेतले, तर प्रत्येकाला 1,800 डॉलर पडतात. आकडा स्वस्त वाटतो. पण मका, फीडरच्या बॅटऱ्या, मचाणाची डागडुजी आणि शहरातून दर पंधरा दिवसांनी मारलेल्या खेपांचे पेट्रोल धरले की चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. ज्याला वर्षात चारच दिवस मोकळे मिळतात त्याने पट्ट्याच्या वाटेला जाऊ नये. उलट ज्याला ऑगस्टच्या उन्हात मचाणाच्या फळ्या ठोकायला आणि पोराला रानवाट दाखवायला आवडते, त्याला उक्ती शिकार कितीही मोठी शिंगे देवो, भाड्याचीच वाटेल. घरात मांस यावे एवढीच इच्छा असेल, तर एका दिवसाचा पट्टा आणि एक मादी पुरते.

भारतातही या दोन्ही पद्धतींचे जुने रूप होते. इंग्रजी अमलात मध्य प्रांतातली जंगले शिकारीच्या ब्लॉकमध्ये वाटलेली होती. वन खात्याकडून ठरावीक दिवसांसाठी ब्लॉक आरक्षित करायचा आणि परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत शिकार करायची. स्वातंत्र्यानंतर परदेशी पाहुण्यांसाठी मचाण, हाका, तंबू, खानसामा यांसह सगळी सोय करणाऱ्या शिकार कंपन्या चालल्या. ताडोबात 1935 मध्येच शिकारबंदी आली होती. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बाकीचा कारभारही आटोपला.

टेक्सासात मात्र भारताचे प्राणी या बाजारात आहेत. चितळ आणि काळवीट 1930 च्या दशकात तिथे नेले गेले. विदर्भात ज्याला रोही म्हणतात ती नीलगाय किंग रँचने दक्षिण टेक्सासात सोडली. हे प्राणी परके, म्हणून त्यांना राज्याचा हंगामही नाही आणि कोटाही नाही. शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची संमती पुरते. नगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य ज्या काळविटासाठी राखले, तोच तिथे किंमतपत्रकावर असतो. आणि चितळांची शिंगे तिथे उन्हाळ्यात भरात असल्याने, पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा हंगाम बंद असतानाही वाटाड्यांच्या तारखा भरतात.