थर्मोपिलीत मेले ते थेस्पियाचे, प्लॅटियाचे नव्हेत

ग्रीसवर चालून आलेल्या इराणी सैन्याशी थर्मोपिलीच्या खिंडीत झालेल्या लढाईविषयी लिहिताना स्पार्टाचा राजा लिओनिडास आणि त्याचे ३०० स्पार्टन यांच्यापलीकडे कोणी गेलेच, तर अखेरपर्यंत खिंडीत थांबलेल्या इतर ग्रीकांचे गाव म्हणून अनेकदा प्लॅटियाचे नाव दिले जाते. हे साफ चूक आहे. इ.स.पू. ४८० मध्ये स्पार्टनांसोबत स्वेच्छेने थांबून मरण पत्करले ते थेस्पियाच्या ७०० सैनिकांनी, आणि डिमोफिलस हा त्यांचा सेनानी होता. प्लॅटियाचे लोक त्याच सुमारास आर्टेमिसियमच्या समुद्रात, नौकानयनाचा अनुभव नसतानाही, अथेन्सच्या जहाजांवर काम करीत होते.

प्लॅटिया वाचकांच्या परिचयाचे आहे. सिथेरॉन पर्वताच्या उत्तर पायथ्याचे, अ‍ॅटिका या अथेन्सच्या प्रदेशाच्या सीमेलगतचे हे गाव इराण्यांविरुद्धच्या मॅरेथॉनच्या लढाईत अथेन्सच्या मदतीस धावून गेले होते आणि इ.स.पू. ४७९ मध्ये इराणी सैन्याचा निर्णायक पराभव त्याच्याच परिसरात झाला. थेस्पिया हे बिओशिया या मध्य ग्रीसमधील प्रदेशातल्या थीब्ज या प्रबळ शहराच्या पश्चिमेला, हेलिकॉन पर्वताच्या पायथ्याशी वसलेले होते. हेसिअड कवीचे आस्क्रा हे खेडे आणि म्यूझ देवतांचे पवित्र खोरे त्याच्याच हद्दीत येत. दोन्ही गावे बिओशियातली, दोघांनीही इराणचा सम्राट झर्क्सीस याच्यापुढे मान तुकवली नाही, आणि इराणला मिळालेल्या थीब्जच्या सांगण्यावरून त्याने दोन्ही जाळली. घोटाळ्याचे मूळ या साम्यात आहे, आणि इथवर तो क्षम्यही आहे.

क्षम्य नाही ते पुढचे गृहीतक, की दोन्ही गावे सारखीच अथेन्सची मित्र होती. थीब्जच्या दडपणाला कंटाळून प्लॅटियाने प्रथम स्पार्टाकडे आश्रय मागितला होता. स्पार्टाने त्यांना अथेन्सकडे जाण्यास सांगितले आणि, ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसच्या हिशेबाने, इ.स.पू. ५१९ पासून प्लॅटिया अथेन्सशी बांधले गेले. यापुढचा त्याचा सारा इतिहास या एका निर्णयातून येतो: इ.स.पू. ४३१ मध्ये, स्पार्टा आणि अथेन्स यांच्या युद्धाच्या तोंडावर, स्पार्टाच्या मित्र थीब्जने त्याच्यावर रात्री घातलेला छापा, त्यानंतरचा वेढा, आणि इ.स.पू. ४२७ मध्ये शरण आलेल्या २०० हून अधिक प्लॅटियावासीयांची स्पार्टनांनी केलेली कत्तल. थेस्पियाने असा करार केला नाही. इराणी युद्धात ते थीब्जच्या विरुद्ध बाजूला होते खरे, परंतु पुढे ते थीब्जच्या वर्चस्वाखालील बिओशियन संघातच राहिले, आणि इ.स.पू. ४२४ मध्ये डेलियमच्या रणांगणावर त्याचे सैनिक बिओशियन फळीतून अथेन्सशी लढले. शेजारच्या तुकड्या मागे हटल्यामुळे ते वेढले गेले आणि तिथे त्यांची मोठी हानी झाली. गावाजवळ सापडलेली, दगडी सिंह असलेली सामूहिक समाधी सामान्यतः याच लढाईतील मृतांची मानली जाते.

आता यापुढची घटना पाहावी, कारण थेस्पियाला प्लॅटियासारखे समजणाऱ्या वाचकाला तिचा अर्थच लागत नाही. डेलियमच्या पुढच्याच वर्षी थीब्जने थेस्पियाची तटबंदी पाडून टाकली आणि कारण दिले ते अथेन्सधार्जिणेपणाचे. ज्या गावाचे तरुण नुकतेच अथेन्सशी लढताना पडले होते त्याच्यावर हा आरोप! थ्युसिडिडीस स्पष्टच सांगतो की थीब्जला हे फार दिवसांपासून करायचे होते आणि थेस्पियाची उमेद डेलियमला संपल्यामुळे ते आता सोपे झाले होते. अथेन्सचे मित्र असल्याबद्दल शिक्षा झाली ती प्लॅटियाला. थेस्पियाला शिक्षा झाली ती शेजारी असूनही पुरते अंकित नसल्याबद्दल. या दोन गावांना एकाच ओळीत ‘अथेन्सचे बिओशियन साथीदार’ म्हणणारे लेखन मी तिथेच वाचायचे थांबवतो.

संख्यांचीही अशीच सरमिसळ होते. मॅरेथॉनला गेलेल्या प्लॅटियन सैनिकांचा १००० हा परंपरागत आकडा इराणी युद्धांचा इतिहासकार हिरोडोटस देत नाही, तो नंतरच्या लेखकांकडून येतो, इ.स.पू. ४७९ च्या लढाईत मात्र हिरोडोटस प्लॅटियाचे ६०० आणि थेस्पियाचे १८०० लोक मोजतो, व थेस्पियाच्या लोकांकडे जड शस्त्रे नव्हती हेही नोंदवतो. थर्मोपिलीत ७०० माणसे गमावलेल्या आणि जळलेल्या गावाने वर्षभरात एवढी माणसे पाठवावीत, याचे मला अजूनही आश्चर्य वाटते. कदाचित याचे उत्तर असे, की थेस्पिया त्या काळात नवे नागरिक सामावून घेत होते, आणि अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याने आपल्या सिसिनस नावाच्या सेवकाला तिथलेच नागरिकत्व मिळवून दिले होते.

थर्मोपिलीला लिओनिडासच्या स्मारकाशेजारी थेस्पियाच्या ७०० जणांचे स्वतंत्र स्मारक उभे राहायला १९९७ साल उजाडावे लागले.