अँटिबायोटिक्सचा दाहशामक परिणाम

काही अँटिबायोटिक्स जंतू मारतात ते मारतातच, पण त्याशिवाय शरीरातली सूज कमी करतात आणि भडकलेल्या इम्युन सिस्टिमला जरा आवरतात, याला इम्युनोमॉड्युलेशन म्हणतात. सगळ्याच अँटिबायोटिक्समध्ये हा गुण नसतो. मुख्य म्हणजे मॅक्रोलाइड गट (एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन), टेट्रासायक्लिन गट (डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन) आणि कुष्ठरोगाची जुनी गोळी डॅप्सोन.

हे सगळ्यात ठळक दिसलं जपानमध्ये. तिथे डिफ्यूज पॅनब्रॉन्किओलायटिस नावाचा फुफ्फुसाचा आजार होता, बारीक श्वासनलिका कायम सुजलेल्या, कफ ढिगाने, आणि पुढे स्यूडोमोनास जंतू घर करून बसायचा. १९७० च्या दशकात निदान झालेल्यांपैकी पाच वर्षं जगणारे साधारण ६३ टक्केच होते. मग १९८० च्या दशकात शोजी कुदोह आणि सहकाऱ्यांनी एरिथ्रोमायसिन कमी डोसमध्ये, रोज ४०० ते ६०० मिलिग्रॅम, महिनोन्‌महिने द्यायला सुरुवात केली आणि तो आकडा ९० टक्क्यांच्या वर गेला. गंमत अशी की एरिथ्रोमायसिन स्यूडोमोनासला मारतच नाही, आणि कफात तो जंतू असतानाही पेशंट सुधारत होते. म्हणजे औषध काहीतरी वेगळंच करत होतं.

ते काय, तर पेशींमधला एनएफ-कप्पाबी हा सूज चालू करणारा स्विच मॅक्रोलाइड्स दाबतात, त्यामुळे इंटरल्युकिन-८ हा पेशींना बोलावणारा रासायनिक निरोप कमी बनतो आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी फुफ्फुसात गर्दी करत नाहीत. चिकट कफही कमी तयार होतो. शिवाय स्यूडोमोनास मेला नाही तरी त्याचे आपापसातले सिग्नल बिघडतात आणि बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट संरक्षक थर, नीट जमत नाही. हा गुण १४ आणि १५ अणूंच्या रिंगवाल्या मॅक्रोलाइड्समध्ये दिसतो, १६ वाल्यांत नाही. जपानमध्येच ईएम७०३ सारखी एरिथ्रोमायसिनची रूपं बनवली गेली ज्यात जंतू मारायची ताकद जवळपास नाही पण सूज कमी करायचा गुण शाबूत आहे, माझ्या मते यापेक्षा साफ पुरावा नको.

टेट्रासायक्लिनचा रस्ता वेगळा. ती कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स अडवतात. म्हणून हिरड्यांच्या आजारात डॉक्सिसायक्लिन फक्त २० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, एवढ्याशा डोसने जंतू मरत नाहीत, आणि मारायचेही नसतात. रोझेशियात (चेहरा लाल होण्याचा त्वचारोग) पण असाच कमी डोस चालतो.

डॅप्सोन न्यूट्रोफिलमधलं मायलोपेरॉक्सिडेज हे सूज वाढवणारं एन्झाइम रोखतं, त्यामुळे जंतूंशी काही संबंध नसलेल्या डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस या खाजऱ्या फोडांच्या त्वचारोगात खाज काही दिवसांतच उतरते. कुष्ठरोगाच्या एमडीटी (अनेक औषधं एकत्र) पाकिटात डॅप्सोनबरोबर क्लोफॅझिमिन असतं, तेही सूज उतरवतं, दुखऱ्या गाठी उठण्याच्या रिअ‍ॅक्शनमध्ये डॉक्टर त्याचा डोस मुद्दाम वाढवतात.

पण म्हणून कुठल्याही सुजेवर हे चालतं असं नाही. कोविडमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिन आपल्याकडे सर्रास खाल्लं गेलं, ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमध्ये अ‍ॅडमिट पेशंट्सना त्याचा फायदा दिसला नाही. एएलएस या मज्जासंस्थेच्या आजारात मिनोसायक्लिन दिलं तर पेशंट उलट लवकर खालावले. सीओपीडी या श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजारात मात्र २०११ च्या अमेरिकन ट्रायलमध्ये रोज २५० मिलिग्रॅम अ‍ॅझिथ्रोमायसिन वर्षभर देऊन आजार उसळायचं प्रमाण कमी झालं, पण काहींना ऐकायला कमी येऊ लागलं. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते म्हणून आधी ईसीजी काढतात. आणि कफात टीबीचे भाऊबंद असलेले एनटीएम जंतू नाहीत ना हेही बघतात, कारण ते असताना एकटं अ‍ॅझिथ्रोमायसिन चालू ठेवलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतात आणि त्या आजारावरचं मुख्य औषधच हातचं जातं.